गोव्यातील कॅथलिक चर्च व सालाझार राजवट

पोर्तुगालमध्ये १९२६ च्या लष्करी उठावातून उदयास आलेली व १९३३ च्या संविधानाने स्थिर झालेली हुकूमशाही आणि गोव्याचे कॅथलिक धर्मपीठ यांचे परस्परसंबंध, तसेच ती राजवट संपल्यानंतर या संबंधांच्या वारशाशी धर्मपीठाला करावा लागलेला सामना, हा आधुनिक गोमंतकाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा, परंतु तुलनेने कमी चर्चिलेला विषय आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर यूरोपातील ज्या ज्या देशांत चर्चने फॅसिस्ट वा तत्सम सत्तांशी जुळवून घेतले होते, तेथे त्याला आपल्या वर्तनाबद्दल जाब विचारला गेला. गोव्यात हा प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा राहिला. तेथील राजवट महायुद्धात पराभूत झाली नव्हती. ती युद्धानंतर सोळा वर्षे टिकली आणि चर्चशी तिचे नाते करारमदारांनी बांधलेले होते.

यूरोपातील घटनाक्रम येथे थोडक्यात लक्षात घेणे आवश्यक आहे. पोपने मुसोलिनीच्या सरकारशी १९२९ मध्ये लॅटरन करार केला आणि हिटलर सत्तेवर आल्यावर अवघ्या काही महिन्यांत, २० जुलै १९३३ रोजी, जर्मनीशीही तह केला. अकरावा पायस याने १९३१ मध्ये इटालियन फॅसिस्टांच्या व १९३७ मध्ये नाझींच्या धोरणांवर परिपत्रकांद्वारे टीका केली. परंतु ज्यूंच्या संहाराच्या काळात बारावा पायस याने जाहीरपणे जे बोलावयास हवे होते ते तो बोलला नाही, हा आक्षेप रोल्फ होखहूट याच्या १९६३ च्या नाटकामुळे जगभर पोहोचला. पुढे फ्रेंच बिशपांनी ३० सप्टेंबर १९९७ रोजी द्रांसी येथे, जेथून ज्यूंना मृत्युछावण्यांकडे पाठविले जात असे त्याच ठिकाणी, आपल्या पूर्वसूरींच्या मौनाबद्दल क्षमा मागितली. १६ मार्च १९९८ रोजी व्हॅटिकनने ज्यूंच्या संहारासंबंधी निवेदन प्रसिद्ध केले. जर्मन बिशपांनी एप्रिल २०२० मध्ये आपल्या पूर्वसूरींनी युद्धाला विरोध केला नाही, हे स्पष्ट शब्दांत मान्य केले. त्याच वर्षी २ मार्च रोजी बाराव्या पायसच्या कारकीर्दीची दप्तरे अभ्यासकांना खुली झाली होती. हे सर्व मुख्यतः निवेदनांचे व दप्तरांचे प्रयत्न होत. गोव्यातील प्रक्रिया निराळ्या वाटेने गेली.

आंतॉनियू द ऑलिव्हेइरा सालाझार (१८८९–१९७०) हा कोइंब्रा विद्यापीठातील अर्थशास्त्राचा प्राध्यापक. तरुणपणी तो तेथील कॅथलिक विद्यार्थी-चळवळीत होता आणि पुढे लिस्बनचा कार्डिनल झालेला मान्युएल गोन्साल्व्हिश सेरेजैरा हा त्याचा तेव्हापासूनचा स्नेही. १९२८ मध्ये अर्थमंत्री व १९३२ मध्ये पंतप्रधान झाल्यावर सालाझारने एकपक्षीय सत्ता, मुद्रणपूर्व अभ्यवेक्षण, गुप्त पोलीस आणि धंदेवार संघटनांवर आधारलेली राज्यव्यवस्था उभारली. या राजवटीस फॅसिस्ट म्हणावे की नाही, याबाबत इतिहासकारांत मतभेद आहेत. रस्त्यावरील जनआंदोलनातून ती सत्तेवर आलेली नव्हती, तिला नवा मुलूख जिंकावयाचा नव्हता आणि तिचा सूत्रधार सभा गाजविणारा पुढारी नसून कार्यालयात बसून राज्य चालविणारा गृहस्थ होता. तथापि युवक संघटनांचा गणवेश व सलाम, विरोधकांची हद्दपारी आणि बंदीगृहे ही तिची अंगे इटालियन नमुन्याशी जुळतात. पोर्तुगाल युद्धात तटस्थ राहिला. पण हिटलरच्या मृत्यूची वार्ता आल्यावर मे १९४५ मध्ये तेथील सरकारी निशाणे अर्ध्यावर उतरविण्यात आली होती. गोव्याच्या रहिवाशांपुरते बोलावयाचे, तर नावाच्या वादाने फारसा फरक पडत नव्हता. सभा, वृत्तपत्र वा संघटना यांचे स्वातंत्र्य त्यांना नव्हतेच.

गोव्यातील चर्च व राज्यसत्ता यांचे नाते सालाझारच्या आधी चार शतके जुने होते. पूर्वेकडील प्रदेशांत चर्च उभारण्याचा खर्च पोर्तुगालच्या राजाने करावयाचा व त्या मोबदल्यात बिशपांची नावे सुचविण्याचा हक्क त्याला मिळावयाचा, अशी ही ‘पाद्रोआदो’ नावाची व्यवस्था होती. १८८६ च्या तहाने तिची व्याप्ती आखून देण्यात आली आणि गोव्याच्या आर्चबिशपास ‘ईस्ट इंडीजचा पॅट्रिआर्क’ हा बहुमान मिळाला. १९१० च्या पोर्तुगीज प्रजासत्ताकाने चर्च व राज्य यांची फारकत केली. गोव्यातील हिंदूंना नागरी समानता मिळाली ती या अल्पजीवी प्रजासत्ताकामुळे. सालाझारच्या उदयाबरोबर काटा पुन्हा उलट दिशेने फिरला. त्याने तयार केलेल्या १९३० च्या वसाहत कायद्यात सागरपार कॅथलिक मिशनांचे वर्णन सुधारणेची व राष्ट्रीय प्रभावाची साधने असे करण्यात आले. धर्मसंस्थेला राज्याचे साधन म्हणण्याइतकी स्पष्टता कायद्याच्या भाषेत क्वचितच आढळते.

या धोरणाची पूर्तता युद्धकाळातच झाली. ७ मे १९४० रोजी, जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसण्यास तीन दिवस उरले असताना, पोर्तुगाल व व्हॅटिकन यांच्यात तह आणि त्यास जोडून मिशनविषयक करार झाला. नव्या बिशपाचे नाव जाहीर करण्यापूर्वी ते सरकारला कळवावयाचे व राजकीय स्वरूपाचा काही आक्षेप आहे काय ते विचारावयाचे, असे त्यात ठरले. वसाहतींतील धर्मप्रांतांना सरकारी अनुदान मिळणार होते. मात्र तेथील बिशप पोर्तुगीज नागरिक असावयाचे आणि मिशनच्या शाळांत पोर्तुगीज भाषा सक्तीची राहावयाची. पूर्वेकडील पाद्रोआदोसंबंधीचे १९२८ व १९२९ चे करार या तहाने कायम ठेवले. त्याच वर्षी गोव्याच्या धर्मपीठावर जुझे द कॉश्ता नूनिश याची नेमणूक झाली. तो अझोर्स बेटांतला व त्यापूर्वी मकावचा बिशप. त्याच्यामागून १९५३ मध्ये आलेला जुझे व्हिएरा आल्व्हेर्नाझ हाही अझोर्सचाच. गोमंतकीय धर्मगुरूंची परंपरा तोवर काही शतकांची झाली होती, त्यांतील कित्येक विद्वत्तेसाठी ख्यातनाम होते. पण मूळ गोमंतकीय माणूस आपल्याच भूमीतील आर्चबिशपच्या आसनावर बसू शकला नाही. चर्चचा भूतकाळ म्हणून ज्याची चर्चा करावयाची, त्याचा गाभा या एका वस्तुस्थितीत आहे.

प्रत्यक्ष युद्धाची झळ गोव्याला फारशी लागली नाही. मुरगाव बंदरात आश्रयाला आलेली जर्मन व इटालियन जहाजे मार्च १९४३ मध्ये ब्रिटिश बाजूच्या एका छुप्या हल्ल्यानंतर नष्ट झाली, ही त्यातील ठळक घटना. शेजारच्या दक्षिण महाराष्ट्रात मात्र युद्धाचे वेगळे कॅथलिक रूप लोकांनी पाहिले. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सु. पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. सोव्हिएट रशियात हद्दपार झालेली व तेथून बाहेर पडलेली ही कुटुंबे बहुतांशी कॅथलिक होती. एकाच धर्माचे लोक डोंगराच्या एका बाजूस हुकूमशाहीचे बळी म्हणून छावणीत राहत होते आणि दुसऱ्या बाजूस हुकूमशाहीचे अधिकृत धर्मपीठ त्याच वेळी सरकारी मानमरातबात नांदत होते.

गोव्यातील सर्व कॅथलिक या व्यवस्थेस अनुकूल होते, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. वसाहत कायद्याविरुद्ध जुलै १९३० मध्ये गोव्याच्या सरकारी परिषदेत आवाज उठविणारे लुईश द मिनेझिश ब्रागांझा (१८७८–१९३८) हे कॅथलिक घराण्यातीलच होते. त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा (१८९१–१९५८) यांनी १९४४ मध्ये गोमंतकीयांच्या विराष्ट्रीकरणावर पुस्तिका लिहिली. तीत परकी सत्तेने धर्म, शिक्षण व भाषा यांच्या द्वारे गोमंतकीय मनाची भारतीय मुळे कशी तोडली, याचे परखड विवेचन आहे. १८ जून १९४६ रोजी मडगाव येथे राममनोहर लोहियांची सभा झाली. ती घडवून आणण्यात डॉ. ज्युलियांव मिनेझिश यांचा पुढाकार होता. या आंदोलनानंतर कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनीशच्या किल्ल्यात धाडले; पुरुषोत्तम काकोडकर, राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांच्याप्रमाणे जुझे इनासियु लॉयोला यांनाही हद्दपारी भोगावी लागली. नॅशनल काँग्रेस (गोवा) या संघटनेचे नेतृत्व पुढे पीटर आल्व्हारिस यांच्याकडे आले आणि १५ ऑगस्ट १९५४ रोजी तेरेखोलच्या किल्ल्यात शिरलेल्या सत्याग्रहींचे पुढारी आल्फ्रेड आफोन्सो होते. मात्र ही सर्व मंडळी सामान्य श्रद्धावंत वा बंडखोर बुद्धिवादी होती. धर्मपीठाचा अधिकृत सूर त्यांच्या बाजूने नव्हता आणि १९४० च्या करारानंतर तो तसा असणे जवळजवळ अशक्यही होते.

करारांच्या या गाठी प्रथम सुटू लागल्या त्या गोव्याच्या सीमेबाहेर. सातारा व आसपासचा दक्षिण महाराष्ट्राचा प्रदेश १८८६ मध्ये स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांताच्या कक्षेत येई. त्यावर लिस्बनची सत्ता चालत नसे. सावंतवाडी व बेळगाव हे मराठी मुलूख मात्र गोव्याच्या आर्चबिशपाच्या अधिकारात होते. म्हणजे भारत स्वतंत्र झाल्यानंतरही तेथील कॅथलिकांचा धर्मप्रमुख एक परकीय सरकारच्या संमतीने नेमलेला पुरुष होता. मुंबईत तर १९२८ च्या करारान्वये आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश असावयाचा होता. या विचित्र तरतुदीनुसार १९३७ मध्ये आलेले इंग्रज जेझुइट टॉमस रॉबर्ट्स यांनी आपल्यानंतर भारतीय माणूस यावा म्हणून व्हॅलेरियन ग्रेशस यांना साहाय्यक बिशप करून घेतले आणि कारभार त्यांच्यावर सोपवून स्वतः मुंबई सोडली. पोर्तुगाल व व्हॅटिकन यांच्यात १८ जुलै १९५० रोजी नवा करार होऊन भारतीय संघराज्यातील बिशपांच्या नेमणुकीसंबंधीचे विशेषाधिकार पोर्तुगालने सोडून दिले, तेव्हा रॉबर्ट्स यांचा राजीनामा अमलात येऊ शकला. त्याच वर्षी ग्रेशस मुंबईचे आर्चबिशप व जानेवारी १९५३ मध्ये पहिले भारतीय कार्डिनल झाले. सप्टेंबर १९५३ मध्ये बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला आणि सीमाभागातील चर्च पणजीपासून विलग झाले.

रॉबर्ट्स यांच्याविषयी आणखी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. फ्रांट्स येगरश्टेटर या ऑस्ट्रियन शेतकऱ्याने हिटलरच्या सैन्यात लढण्यास सदसद्विवेकबुद्धीला स्मरून नकार दिला होता व त्याबद्दल ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला होता. त्याच्या स्वतःच्या बिशपाने त्याला सैन्यात जाण्याचा सल्ला दिला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या अखेरच्या सत्रात, १९६५ मध्ये, रॉबर्ट्स यांनी हे उदाहरण परिषदेपुढे मांडले आणि सरकारच्या युद्धाला नकार देणाऱ्या श्रद्धावंताच्या पाठीशी चर्चने उभे राहावे, असा आग्रह धरला. पोर्तुगीज करारामुळे मुंबईत येणे व राहणे ज्यांच्या वाट्याला आले, त्यांनीच जर्मन भाषी चर्चच्या युद्धकालीन वर्तनावर बोट ठेवावे, हा योगायोग असला, तरी अर्थशून्य नाही. येगरश्टेटरला २००७ मध्ये धन्य घोषित करण्यात आले.

गोव्याचा प्रश्न धर्माचा आहे, ही सालाझारच्या प्रचाराची मुख्य भिस्त होती. संत फ्रान्सिस झेविअरची समाधी, जुन्या गोव्याची मंदिरे, ‘पूर्वेचे रोम’ ही उपाधी या सर्वांचा उपयोग पोर्तुगीज सत्तेच्या समर्थनार्थ करण्यात येई. संविधानात १९५१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हणण्यात आले आणि कॅथलिक धर्म हा पोर्तुगीज राष्ट्राचा धर्म ठरला. वस्तुतः गोव्याच्या लोकसंख्येत ख्रिस्ती एक तृतीयांशाहून थोडेच अधिक होते. हा प्रचार मोडून काढण्याच्या दृष्टीने जुलै १९५५ मधील नेहरूंची रोमभेट महत्त्वाची ठरली. पोपची भेट घेतल्यानंतर, गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नाही, याविषयी पोपही सहमत असल्याचे नेहरूंनी सांगितले. पुढच्याच महिन्यात, १५ ऑगस्ट रोजी, गोव्यात शिरू पाहणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसहून अधिक लोक मृत्युमुखी पडले.

सांगलीचा या इतिहासाशी आलेला संबंध याच वर्षाचा आहे. सांगली येथे जन्मलेले मनोहर आपटे हे मोहन रानडे या नावाने गोव्यात मराठी शिक्षक म्हणून राहिले व आझाद गोमंतक दलाच्या सशस्त्र लढ्यात सामील झाले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेती येथील पोलीस चौकीवरील हल्ल्याच्या वेळी ते जखमी होऊन पकडले गेले. त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली व लिस्बनजवळच्या काशियश येथील तुरुंगात ठेवण्यात आले. त्यांतील काही वर्षे एकांतवासाची होती. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पण रानडे सुटले नाहीत. ज्या सत्तेविरुद्ध ते लढले ती गोव्यातून नाहीशी झाली होती आणि तरीही तिच्या मायभूमीत ते तिचे कैदी होते. त्यांच्या सुटकेसाठी महाराष्ट्रात दीर्घकाळ प्रयत्न चालले. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी १९६८ मध्ये रोम येथे सहाव्या पॉलची भेट घेऊन मध्यस्थीची विनंती केली. रानडे जानेवारी १९६९ मध्ये मुक्त झाले. तेव्हा सालाझार आजारपणामुळे सत्तेबाहेर गेला होता आणि कॅथलिक हुकूमशहाच्या तुरुंगाचे दार उघडण्यासाठी पोपचा शब्द कामी आला होता. रानडे यांचे निधन २०१९ मध्ये झाले.

याच्या उलट बाजूचेही एक उदाहरण त्याच वर्षी न्यायालयात आले. कांदोळी येथील मोंसिन्योर सेबास्तियांव मोंतेरो यांनी गोवामुक्तीनंतर पोर्तुगीज नागरिकत्व कायम ठेवले होते आणि परकीय नागरिक म्हणून वास्तव्याचा परवाना संपल्यावर देश सोडण्यास नकार दिला होता. गोवा हा व्यापलेला प्रदेश असून जिनीव्हा करारांचे संरक्षण आपणास आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने २६ मार्च १९६९ च्या निकालात तो फेटाळला. प्रदेश भारतात विलीन झाल्यावर व्याप्ती संपली, असे सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या निकालपत्राचे सार आहे. मोंतेरो यांची भूमिका केवळ वसाहतवादी लाचारी म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. परंतु ज्या संस्थेने पिढ्यान्‌पिढ्या धर्मनिष्ठा व राजनिष्ठा एकाच श्वासात शिकविली, तिच्या शिकवणुकीशी हा वृद्ध धर्मगुरू प्रामाणिक राहिला होता, हेही तितकेच खरे.

धर्मपीठाच्या पातळीवर बदल हळूहळू झाले. पॅट्रिआर्क आल्व्हेर्नाझ १९६२ मध्ये गोव्यातून गेले ते परतले नाहीत. त्यांचा राजीनामा मात्र १९७५ मध्ये, म्हणजे पोर्तुगालने भारताचे गोव्यावरील सार्वभौमत्व मान्य केल्यानंतरच, पुढे आला. लिस्बनची समजूत दुखवू नये म्हणून व्हॅटिकनने आसन रिकामे न दाखविता कारभार प्रथम फ्रान्सिस्को रेबेलो व १९७२ पासून राउल गोन्साल्विस या गोमंतकीय धर्मगुरूंकडे सोपविला. ही मुत्सद्देगिरी समजण्यासारखी आहे. तथापि तिच्यामुळे मुक्तीनंतरची जवळजवळ सोळा वर्षे गोव्याच्या कॅथलिकांना पूर्णाधिकारी आर्चबिशप नव्हता. गोन्साल्विस जानेवारी १९७८ मध्ये आर्चबिशप झाले. या पदावर आलेले ते पहिले गोमंतकीय. रायतूरच्या सेमिनरीतील पोर्तुगीजचे स्थान इंग्रजीने घेतले, तर व्हॅटिकन परिषदेच्या निर्णयानुसार उपासनेत लॅटिनच्या जागी कोकणी आली. ज्या भाषेला राज्यकर्त्यांनी शतकानुशतके दुय्यम लेखले, तीच वेदीवर प्रतिष्ठित झाली. या एका बदलाने सामान्य भाविकाच्या दृष्टीने जे साधले, ते कोणत्याही परिपत्रकाने साधले नसते.

रोमची दिशा कोणती, हे १९६४ मध्येच दिसले होते. त्या वर्षी डिसेंबरमध्ये सहावा पॉल आंतरराष्ट्रीय प्रसाद-परिषदेसाठी मुंबईस आला. पोर्तुगीज परराष्ट्रमंत्री फ्रांकु नुगैरा याने या भेटीस पोर्तुगालचा अकारण अवमान म्हटले. जुलै १९७० मध्ये याच पोपने अंगोला, गिनी व मोझँबीक येथील मुक्तिसंग्रामाच्या नेत्यांना भेट दिली. खुद्द पोर्तुगीज चर्चमध्येही विरोधाचा सूर अगदीच नव्हता असे नाही. पोर्तूचे बिशप आंतॉनियू फेरैरा गोमिश यांनी १९५८ मध्ये सालाझारला पत्र लिहून राजवटीच्या सामाजिक धोरणावर टीका केली आणि दहा वर्षे देशाबाहेर काढली. मोझँबीकमध्ये ‘व्हाइट फादर्स’ संघाने १९७१ मध्ये चर्च व सत्ता यांच्या संगनमताचा निषेध म्हणून काम सोडले; विरियामू येथील डिसेंबर १९७२ चे हत्याकांड तेथील मिशनऱ्यांच्या माहितीमुळेच जगापुढे आले. गोव्यातून अशी साक्ष आली नाही, कारण आफ्रिकेतील चर्चला कंठ फुटला तोवर गोव्यातील पोर्तुगीज पर्व संपलेले होते.

२५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीने लिस्बनमधील राजवट कोसळली. १९४० च्या तहाची जागा १८ मे २००४ च्या नव्या कराराने घेतली. गोव्याच्या आर्चबिशपाचा ‘ईस्ट इंडीजचा पॅट्रिआर्क’ हा किताब मात्र रद्द झालेला नाही. २००४ पासून या पदावर असलेले फिलिप नेरी फेर्राव हे तो धारण करतात. पोपने २०२२ मध्ये त्यांना कार्डिनलपद दिले, तेव्हा त्या नेमणुकीसाठी लिस्बनची संमती घ्यावी लागली नाही.